नारंड्याचा कारखाना आणि धनकोंची रांग

जिवती, कोरपना आणि राजुरा ही चंद्रपूर जिल्ह्याची दक्षिणेकडची बाजू. हा सगळा टापू एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुना राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तिथून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. जिवती वर पहाडावर आहे. तिथे कोलामांचे गुडे आणि गोंडांची गावे, शिवाय मराठवाड्यातून दुष्काळात निघून आलेल्या कुटुंबांची वस्ती. पहाडाच्या पायथ्याशी गडचांदूर, आवारपूर, नारंडा. या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आहे आणि वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसाही हाकेच्या अंतरावर. सिमेंटला नेमके हेच दोन जिन्नस लागतात. एक टन क्लिंकर करायला सुमारे दीड टन चुनखडी भाजावी लागते, म्हणून सिमेंटचा कारखाना बाजारपेठेजवळ नाही, दगडाजवळ उभा राहतो. १९८० च्या दशकात आवारपूर आणि गडचांदूरला मोठे कारखाने आले. पुढे उप्परवाहीला आणखी एक आला. पहाडावरची माणसे कामासाठी खाली उतरू लागली आणि ट्रकांनी रस्ते भरून गेले.

याच पट्ट्यात, कोरपना तालुक्यातल्या नारंड्याला, नागपूरच्या मुरली इंडस्ट्रीजने आपला सिमेंट कारखाना उभारला. कंपनी मुळात कागद आणि सोयाबीन तेलाच्या धंद्यातली. २००० नंतरच्या दशकात देशभर रस्ते, पूल, इमारती यांची कामे वाढली, सिमेंटला भाव आला आणि अनेक उद्योगांनी त्यात उडी घेतली. मुरलीने वर्षाला सुमारे ३० लाख टन क्षमतेचा कारखाना बांधला आणि सोबत ५० मेगावॉटचे स्वतःचे औष्णिक वीज केंद्रही उभे केले. कंपनीचे भाग शेअर बाजारात नोंदलेले होते. विदर्भातल्या माणसांनी विदर्भात उभारलेला हा मोठा उद्योग होता आणि त्याबद्दल इथल्या लोकांना अभिमान होता.

सिमेंटच्या धंद्यात पहिली गोणी भरण्याआधी सगळा पैसा खर्च झालेला असतो. खाण, क्रशर, भट्टी, वीज केंद्र यांवर शेकडो कोटी लागतात आणि त्यातला मोठा भाग बँकांचा असतो. व्याजाला मात्र उत्पादनाची वाट पाहायची नसते. त्यात भाव उतरले, कोळसा महागला किंवा खेळत्या भांडवलाची टंचाई आली की कारखाना अर्ध्या क्षमतेवर येतो. अर्ध्या क्षमतेच्या उत्पन्नातून पूर्ण कर्जाचे हप्ते फिटत नाहीत. मुरलीचे तेच झाले. कर्ज थकले आणि सुरू झाल्यावर काही वर्षांतच नारंड्याची भट्टी थंड पडली. मागे राहिली कर्जे, कामगारांचे थकलेले पगार, वाहतूकदारांची आणि माल पुरवणाऱ्यांची बिले, सरकारचे कर, आणि हजारो भागधारकांच्या हातातले कागद.

अशा कंपनीचे काय करायचे, या प्रश्नाला भारतात तीस वर्षे नीट उत्तर नव्हते. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याखाली औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. मंडळापुढे प्रकरण गेले की धनकोंना वसुलीसाठी हात लावता येत नसे. हेतू कारखाना वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात प्रकरणे वर्षानुवर्षे चालत. तोवर किल्ल्या मालकाकडे, यंत्रे गंजत आणि कामगार घरी. त्याच १९८५ साली कंपनी कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. मुंबईच्या गिरणी संपानंतरचा तो काळ. त्याआधी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते की कंपनी गुंडाळली जात असताना कामगारांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. दुरुस्तीने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. कामगारांच्या देण्याला तारण असलेल्या बँकेच्या देण्याइतकाच दर्जा मिळाला. कामगाराकडे तारणाचा कागद नसतो, पण त्याने घाम आधीच दिलेला असतो, हे कायद्याने मान्य केले. गिरणगावाने केवढी किंमत मोजून हे कलम मिळवले, हे आपण विसरता कामा नये.

२०१६ साली संसदेने नादारी आणि दिवाळखोरी संहिता केली. १ डिसेंबर २०१६ पासून कंपन्यांसाठीची तिची मुख्य कलमे लागू झाली आणि जुना आजारी उद्योग कायदा त्याच दिवशी संपला. पुढे चारच महिन्यांनी, ५ एप्रिल २०१७ रोजी, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे मुरली इंडस्ट्रीजची प्रक्रिया सुरू झाली. नव्या कायद्याखालच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रकरणांपैकी हे एक. त्या दिवशी संचालक मंडळाचे अधिकार थांबले आणि कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे गेला. कोणीही वसुलीचा दावा चालवायचा नाही, कोणी तारण जप्त करायचे नाही, अशी स्थगिती लागली. आधी कुलूप तोडेल त्याचा माल, ही पद्धत बंद झाली. ज्याचे जे घेणे असेल त्याने ते पुराव्यासह मांडायचे आणि मग एकदाच वाटणी करायची.

वाटणीत धनकोंचे दोन गट पडतात. बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था हे वित्तीय धनको. कोळसा, डिझेल, सुटे भाग, वाहतूक, मजुरी असे काही देऊन ज्यांचे पैसे राहिले ते परिचालन धनको. धनकोंच्या समितीत मताचा अधिकार वित्तीय धनकोंना असतो आणि ज्याचे कर्ज मोठे त्याचे मत मोठे. कंपनी कोणाला विकायची, किती रकमेला आणि कोणत्या अटींवर, हे ही समिती ठरवते. सुरुवातीला त्यासाठी ७५ टक्के मते लागत, जून २०१८ पासून ६६ टक्के पुरतात. वित्तीय आणि परिचालन धनकोंमधला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्स खटल्यात घटनेला धरून असल्याचे ठरवले. ज्या मूळ चालकांनी कर्ज बुडवले त्यांनी तीच कंपनी सवलतीत परत विकत घेऊ नये, म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना बोली लावायलाही मनाई झाली.

कंपनी मोडीत काढावी लागली तर पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा, हे संहितेच्या ५३ व्या कलमात लिहिलेले आहे. त्यातली रांग अशी. सर्वांत आधी प्रक्रियेचा आणि मोडीत काढण्याचा खर्च. मग एकाच पायरीवर दोघे: आपले तारण सोडून सामाईक वाटणीत आलेले तारणी धनको आणि कामगारांचे मागच्या २४ महिन्यांचे देणे. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. मग तारण नसलेले वित्तीय धनको. पुढच्या पायरीवर सरकारचे दोन वर्षांचे देणे आणि तारण विकूनही न भागलेले कर्ज. त्यानंतर उरलेली सगळी देणी, ज्यांत वाहतूकदार, पुरवठादार आणि छोटे ठेकेदार येतात. मग अग्रहक्क भागधारक. आणि सगळ्यांत शेवटी सामान्य भागधारक. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतली कामगारांची रक्कम या रांगेत धरायचीच नाही. ती कंपनीची मालमत्ताच नव्हे, असे कायदा म्हणतो.

हिशेब मांडून पाहिल्याशिवाय या क्रमाची धार कळत नाही. समजा एक कंपनी मोडीत निघून १०० रुपये आले. खर्च ५ रुपये, उरले ९५. बँकांचे तारणी कर्ज १८० रुपये आणि कामगारांचे देणे १० रुपये. दोघे मिळून १९०. दोघांचा दर्जा सारखा, म्हणून दोघांनाही रुपयाला आठ आणे मिळतात. बँकांना ९०, कामगारांना ५. पैसा संपला. कर्मचारी, सरकार, ट्रकमालक, भागधारक यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. खालच्यांना थोडेथोडे वाटून देऊ, अशी सोय या क्रमात नाही. वरची पायरी पूर्ण फिटल्याशिवाय खालच्या पायरीवर एक पैसाही उतरत नाही. बुडालेल्या कंपनीचे १०० रुपये बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच संपतात.

भागधारक शेवटी का, याचे कारण जुने आहे आणि ते न्याय्य आहे. धनकोला ठरलेल्या व्याजापलीकडे काही मिळत नाही. कंपनीची भरभराट झाली तर तो सगळा नफा भागधारकाचा. ज्याच्या वाट्याला वरचा सगळा लाभ, त्यानेच खालचा पहिला तोटा सोसायचा. त्याला दिलासा एकच, की भागाची रक्कम भरली की त्याची जबाबदारी संपते. हा दिलासा पूर्वी पुरता नव्हता. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या बॅक बेसारख्या कंपन्या बुडाल्या. त्या काळी भागाची पूर्ण रक्कम एकदम भरलेली नसे. म्हणून कंपनी बुडाल्यावरही धनकोंसाठी न भरलेले हप्ते भागधारकांकडून मागितले जात. पैसा तर गेलाच, वर घरदार विकून हप्ते भरण्याची वेळ अनेकांवर आली.

भागधारकाच्या जागेचा हा प्रश्न अमेरिकेतही रेल्वे कंपन्यांच्या दिवाळखोरीत उभा राहिला. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेची पुनर्रचना करताना मोठे रोखेधारक आणि जुने भागधारक यांनी आपसांत जुळवून घेतले आणि मधले विनातारण धनको कोरडे राहिले. बॉइड नावाच्या अशाच एका धनकोच्या दाव्यावर १९१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की धनकोला डावलून भागधारकाला नव्या कंपनीत वाटा ठेवता येणार नाही. वरच्याने आणि शेवटच्याने हातमिळवणी करून मधल्याला गाळायचे नाही, हे तत्त्व तिथून पक्के झाले.

नारंड्याला परत येऊ. थंड पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या दोन किमती निघतात. एक, तो सुटा सुटा विकला तर. भट्टी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून भंगारापेक्षा फार जास्त काही मिळत नाही. दुसरी, तो खाणपट्टा, वीज केंद्र, परवाने यांसह चालवण्यासाठी घेतला तर. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच कारखाना वाचवण्याचे बळ. म्हणूनच कायदा आधी गिऱ्हाईक शोधायला सांगतो आणि मोडीत काढणे शेवटी ठेवतो. मुरलीसाठी दालमिया सिमेंट (भारत) कंपनीने योजना दिली आणि धनकोंच्या समितीने ती स्वीकारली. जुलै २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने तिला मंजुरी दिली आणि २४ जानेवारी २०२० रोजी अपील न्यायाधिकरणाने ती कायम केली. १० सप्टेंबर २०२० रोजी दालमियाने ताबा पूर्ण झाल्याचे जाहीर केले. किंमत सुमारे ४१० कोटी रुपये. प्रक्रिया सुरू झाल्यापासून जवळजवळ साडेतीन वर्षे गेली होती. मूळ कायद्यात मुदत होती १८० दिवसांची आणि वर ९० दिवस वाढवून मिळण्याची.

ताब्यानंतर मुरली इंडस्ट्रीज ही दालमियाची संपूर्ण मालकीची कंपनी झाली. शंभर टक्के मालकी नव्या घराकडे गेली म्हणजे जुन्या भागधारकांकडे काही उरले नाही. बाजारात कधीकाळी भाव असलेले ते भाग इतिहासजमा झाले. २०२१ च्या अखेरीस नारंड्याच्या भट्टीत पुन्हा व्यापारी उत्पादन सुरू झाले. कोरपना आणि जिवतीच्या लोकांसाठी खरी बातमी ती होती.

सरकारही या रांगेतला एक धनको आहे आणि त्याचाही प्रश्न मुरलीच्याच प्रकरणात नागपुरात सुटला. योजना मंजूर झाल्यावर, २०२१ मध्ये, आयकर खात्याने कंपनीला जुन्या वर्षांची फेरआकारणी करण्यासाठी नोटीस पाठवली. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा खटल्यात स्पष्ट केले, की मंजूर योजनेत नसलेली जुनी देणी संपतात, ती सरकारची असली तरी. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२१ मध्ये मुरलीवरची नोटीस रद्द केली. नवा मालक जुन्या हिशेबातून मोकळा झाला पाहिजे, नाहीतर बुडालेली कंपनी घ्यायला कोणी पुढे येणार नाही, हा त्यामागचा विचार. तो योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याने वेळेत दावा मांडला नाही त्याचे घेणे कायमचे बुडते. सरकारसारख्या बलाढ्य धनकोला जो नियम लागला, तो गडचांदूरच्या टायरवाल्यालाही लागतो.

याच जिल्ह्याने दुसरा अध्यायही पाहिला. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही १९४५ मध्ये स्थापन झालेली थापर घराण्याची कंपनी. बल्लारपूरच्या गिरणीत १९५३ पासून कागद निघू लागला. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर ती पोसली आणि गडचिरोलीत आष्टीलाही तिचे युनिट आले. २००७ मध्ये कंपनीने मलेशियातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज घेतली आणि पुढे कर्जाचे ओझे वाढत गेले. बल्लारपूरची गिरणी तोवर समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. मूळ कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया १७ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च २०२३ रोजी न्यायाधिकरणाने फिनक्वेस्ट या वित्तसंस्थेची योजना मंजूर केली. पिढ्यान्‌पिढ्या कपाटात जपलेल्या त्या भागांवर भागधारकांना काही मिळाले नाही. ज्या कंपनीच्या नावाने शहर ओळखले जाई, तिच्या भागधारकालाही रांगेतली शेवटची जागा चुकली नाही.

आता या सगळ्याचा न्याय करायचा झाला तर काय म्हणावे? भागधारकांना शेवटी ठेवणे बरोबर आहे. कामगारांना बँकेच्या बरोबरीने बसवणे त्याहून बरोबर आहे. पण परिचालन धनकोंची जागा मला अन्यायाची वाटते. बँकेने कर्ज देताना ताळेबंद पाहिला, तारण घेतले आणि जोखमीची किंमत व्याजात धरली. एका ट्रकचा मालक हे काही करत नाही. त्याने स्वतःच ट्रक कर्जावर घेतलेला असतो, कारखाना पैसे देईल या विश्वासावर तो फेऱ्या मारतो आणि बिल महिना-दोन महिन्यांनी मागतो. तरी रांगेत तो बँकेच्या कितीतरी मागे आहे आणि समितीत त्याला मत नाही. ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीने त्याला किमान संरक्षण दिले: मोडीत काढल्यावर जे मिळाले असते ते, किंवा योजनेची रक्कम कायद्याच्या क्रमाने वाटल्यास त्याच्या वाट्याला जे आले असते ते, यांतले जे जास्त असेल ते त्याला द्यावेच लागते. पण वरच्यांचे भागतच नसेल तर ही दोन्ही उत्तरे शून्य येतात. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या छोट्या बिलांना कामगारांच्या पायरीवर बसवले पाहिजे. मोठ्या बँकेच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ असते, पण तिच्याविना गडचांदूरसारखे गाव आठ-दहा वर्षे मागे जाते.

रांगेत उभेच राहावे लागू नये, हा मार्गही गडचिरोलीच्या याच बांबूच्या जंगलाने दाखवला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध केला, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबू कोणाला आणि कोणत्या अटींवर विकायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. ज्याच्या हातात माल आहे आणि अटीही आहेत, त्याला उधारी नाकारता येते. उधारी नसेल तर दिवाळखोरीत दावाही करावा लागत नाही.

सगळ्यांना मेंढ्यासारखे करता येणार नाही. कारखान्याला माल उधारीवर द्यावाच लागतो आणि पगार महिना भरल्यावरच होतो. म्हणून जिवती, कोरपना, राजुरा, बल्लारपूर आणि आष्टीच्या वाचकांना माझे सांगणे आहे. कंपनीवर दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली की इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात जाहीर सूचना येते. ती वाचा आणि इतरांना वाचून दाखवा. दावा दाखल करायला सुरुवातीची मुदत फक्त १४ दिवसांची असते. उशीर झाला तरी काही काळ दावा घेतला जातो, पण तेवढ्यावर विसंबू नका. पुरवठादार आणि वाहतूकदारांसाठी फॉर्म बी आहे, कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी. कामगारांच्या वतीने त्यांचा अधिकृत प्रतिनिधी फॉर्म ई भरून सगळ्यांचा एकत्र दावा करू शकतो. संघटनांनी हे काम अंगावर घ्यावे. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारांनी हजेरीचे पुरावे सांभाळावेत. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर कायदा ती जबाबदारी मुख्य मालकावर टाकतो. बिले, चलने, पगारपत्रके, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. रांगेतला क्रम संसद ठरवते आणि तो बदलायला वेळ लागेल. पण ज्याचे नाव रांगेत नोंदलेलेच नाही, त्याला कोणताही क्रम न्याय देऊ शकत नाही.